कास्टिंगनंतर बिघडलेले एकवीस सीटी : कमी फ्लक्सवरच्या पार्यतेचं एक प्रकरण

रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात जुलै महिन्यात ३००/५ अँपिअरचे चोवीस करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी, म्हणजे मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देणारं उपकरण) तयार झाले. बर्डन (सेकंडरीवर जोडलेल्या मीटर-वायरींचा भार) ५ व्हीए, अचूकता वर्ग ०.५, रेझिन कास्ट (रेझिन ओतून बंद केलेले), लो टेन्शन मीटरिंगसाठी. गिऱ्हाईक वागळे इस्टेटमधला पॅनेल बनवणारा, आणि पॅनेल जाणार होतं घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलाच्या मीटर रूममध्ये. वाइंडिंग झाल्यावर, रेझिन ओतण्याआधी, प्रत्येक सीटी टेस्ट सेटवर तपासला होता आणि चोवीसही पास होते. कास्टिंग झालं, डायमधून माल निघाला, रुटीन टेस्ट लागली आणि चोवीसपैकी एकवीस नापास झाले. तीन मात्र अगदी आरामात पास.

हे तीन का वाचले, याच प्रश्नात उत्तर दडलेलं होतं. पण तिकडे लक्ष जायला चार दिवस लागले, कारण पहिला संशय नेहमीप्रमाणे कोअर पुरवणाऱ्यावर गेला आणि दुसरा टेस्ट सेटवर.

नापास म्हणजे किती, ते आधी पाहू. सीटींचं भारतीय मानक आयएस १६२२७ भाग २ (जुनी माणसं अजून २७०५ च म्हणतात) वर्ग ०.५ साठी ५, २०, १०० आणि १२० टक्के प्रवाहावर मर्यादा घालून देतं. इथले आकडे पूर्ण बर्डनवरचे, पॉवर फॅक्टर ०.८. टक्के म्हणजे रेशो एरर, प्रवाहाच्या प्रमाणातली चूक; मिनिटं म्हणजे फेज एरर, कोनातली चूक (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग).

| प्रवाह | मर्यादा | वाचलेले तीन | नापास एकवीस (सरासरी) |
|---|---|---|---|
| ५ टक्के | १.५ टक्के, ९० मिनिटं | −०.९८ टक्के, २८ मिनिटं | −२.२ टक्के, ७२ मिनिटं |
| २० टक्के | ०.७५ टक्के, ४५ मिनिटं | −०.६३ टक्के, १६ मिनिटं | −१.३ टक्के, ३७ मिनिटं |
| १०० टक्के | ०.५ टक्के, ३० मिनिटं | −०.३५ टक्के, ८ मिनिटं | −०.४६ टक्के, १० मिनिटं |

शंभर टक्क्यांवर बिघडलेला सीटीसुद्धा पास होतो, हे या तक्त्यातलं सगळ्यात फसवं. ज्या कारखान्यात फक्त पूर्ण प्रवाहावर रेशो बघून माल पाठवतात, तिथून हे एकवीस बिनबोभाट बाहेर पडले असते. पुढे रात्री संकुलाचा लोड १५ अँपिअरवर आला की मीटर युनिटी पॉवर फॅक्टरला सव्वादोन टक्के कमी नोंदवणार. पण पॉवर फॅक्टर ०.५ लॅगिंग असेल तर उलटं. ७२ मिनिटं म्हणजे ०.०२१ रेडियन, त्याला १.७३ ने गुणलं की अधिक ३.६ टक्के, त्यातून २.२ वजा केले तरी ग्राहकाला दीड टक्का जास्तच बिल. ‘सीटी कमी दाखवतो म्हणजे नुकसान वीज कंपनीचं’ हा समज म्हणून अर्धाच खरा आहे.

हिशेब मुळापासून

कोअर टोरॉइडल, म्हणजे सीआरजीओच्या (ट्रान्सफॉर्मरसाठीचं, कण एका दिशेला लागलेलं सिलिकॉन पोलाद) ०.२७ मिमी जाडीच्या अखंड पट्टीची बांगडीसारखी गुंडाळी. बाहेरचा व्यास १००, आतला ६०, उंची ४० मिमी. छेदाचं क्षेत्रफळ ८०० चौरस मिमी, त्यातून थरांमधली जागा पाच टक्के वजा केली की लोखंडाचे ७६० उरतात. फ्लक्सच्या वाटेची सरासरी लांबी ०.२५१ मीटर. सेकंडरीचे ६० वेढे, २.५ चौरस मिमी तांबं, रोध ०.०५८ ओहम. प्रायमरी म्हणजे खिडकीतून जाणारा एकच बसबार.

५ व्हीए बर्डन म्हणजे ५ अँपिअरला ०.२ ओहम. त्यात वाइंडिंगचा रोध मिळवून एकूण इम्पिडन्स ०.२५ ओहम येतो, कोन साधारण २९ अंश. पूर्ण प्रवाहावर सेकंडरीला १.२५ व्होल्ट तयार करावे लागतात. ट्रान्सफॉर्मरचं नेहमीचं समीकरण (व्होल्ट = ४.४४ × वारंवारता × वेढे × क्षेत्रफळ × फ्लक्स घनता) लावलं तर या कोअरला एका टेस्लामागे १०.१ व्होल्ट लागतात. म्हणजे पूर्ण प्रवाहावर फ्लक्स घनता जेमतेम ०.१२ टेस्ला, आणि पाच टक्क्यांवर ०.००६२ टेस्ला. सहा मिलिटेस्ला!

पॉवर ट्रान्सफॉर्मरवाला याच पोलादाला १.६ ते १.७ टेस्लापर्यंत पळवतो. सीटी त्याच्या अडीचशेव्या हिश्शावर काम करतो. आणि एकाच पोलादाची पार्यता (दिलेल्या चुंबकीय क्षेत्राने त्यात किती फ्लक्स उभा राहतो ते), म्हणजे शॉप फ्लोअरवरची ‘पर्मिएबिलिटी’, या दोन ठिकाणी एक नसते. कोअरच्या प्रमाणपत्रावर १.७ टेस्ला, ५० हर्ट्झचा वॉट प्रति किलो हा आकडा असतो. तो खरा असला तरी सहा मिलिटेस्लावर काय होईल याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पुरवठादार प्रमाणपत्र पुढे करत होता आणि कारखानदार टेस्ट रिपोर्ट. दोघांचेही कागद खरे होते, फक्त वेगवेगळ्या जागचे.

कमी फ्लक्सवर पार्यता कशी वागते हे लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्ये मांडलं. अगदी लहान चुंबकीय क्षेत्रात पार्यता म्हणजे एक प्रारंभिक आकडा, अधिक क्षेत्राच्या प्रमाणात वाढणारा भाग. धातूच्या आत वेगवेगळ्या दिशांनी चुंबकलेले कप्पे असतात, त्यांच्यामधल्या भिंती एसी क्षेत्राबरोबर पुढे-मागे सरकतात. क्षेत्र लहान असतं तेव्हा भिंत आपल्या खळग्यातच डोलते. मोठं झालं की खळगा ओलांडून लांब जाते. म्हणून पार्यता आधी कमी, मग वाढत जाऊन एका कमाल जागी पोचते, आणि संपृक्तीकडे पुन्हा कोसळते. खळगे किती खोल, हे ठरतं धातूतल्या अशुद्धीवर, कणांच्या सीमांवर आणि आतल्या ताणांवर. म्हणजे ज्या टोकाला सीटी काम करतो, नेमकं तिथंच पोलाद सगळ्यात हळवं.

एसीमध्ये आणखी एक गोष्ट आहे. फ्लक्स क्षेत्राच्या थोडा मागे राहतो. त्यामुळे कोअर चुंबकायला लागणाऱ्या एक्सायटिंग प्रवाहाचे दोन भाग पडतात, एक फ्लक्स उभारणारा आणि एक लोखंडातला तोटा भागवणारा. बर्डन निव्वळ रोधाचं असेल तर तोट्याचा भाग रेशो एररमध्ये जातो आणि फ्लक्सचा भाग फेज एररमध्ये. बर्डनचा पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर दोन्ही मिसळतात आणि रेशो एरर जास्त खातो. इथे पाच टक्क्यांवर रेशो आधी फुटला आणि फेज वाचला, त्यामागे हेच.

मोजणी

बिघाड खरोखर पार्यतेत आहे का, हे टेस्ट सेटवर विसंबून न राहता मोजायचं ठरलं. यासाठी फार काही लागत नाही. तयार सीटीच्या खिडकीतून १ चौरस मिमी लवचीक वायरचे १० वेढे काढले आणि त्यांना फंक्शन जनरेटर व लहान ऑडिओ अॅम्प्लिफायरमधून ५० हर्ट्झ दिलं. सिरीजमध्ये १० ओहमचा रोध, त्यावर मिलिव्होल्ट मोजून प्रवाह कळतो. सीटीची ६० वेढ्यांची सेकंडरी सेन्स वाइंडिंग म्हणून उघडी ठेवून तिला चांगल्या इनपुट रोधाचा ट्रू आरएमएस मीटर लावला. (टेस्ट सेटवर बसबारमधून प्रवाह वाहत असताना सीटीची सेकंडरी कधीही उघडी ठेवायची नाही हा नियम कायम आहे. इथे चाळीस-पन्नास मिलिअँपिअर दहा वेढ्यांतून जातात म्हणून चालतं.) सेन्सवर ६३ मिलिव्होल्ट आले की कोअर बरोबर ६.२ मिलिटेस्लावर आहे. तेव्हा ड्राइव्हमध्ये किती मिलिअँपिअर गेले, तेवढंच नोंदवायचं.

वाचलेल्या तिघांनी १९ मिलिअँपिअर घेतले. नापास झालेल्यांनी ४४ ते ४८.

१९ मिलिअँपिअर गुणिले १० वेढे म्हणजे ०.१९ अँपिअर-टर्न. लांबीने भागून शिखर मूल्य काढलं की १.०७ अँपिअर प्रति मीटर, आणि सापेक्ष पार्यता सुमारे ४,६००. बिघडलेल्याचे ४६ मिलिअँपिअर धरले तर १,९००. आता पाच टक्के प्रवाहावर प्रायमरीचे एकूण अँपिअर-टर्न पंधराच, त्यातले ०.१९ कोअरने खाल्ले तर सव्वा टक्का गेला, ०.४६ खाल्ले तर तीन टक्के. टेस्ट सेटची कुरकूर इथे संपली, कारण दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं.

या पद्धतीत एक खोच आहे. १० ओहम सिरीजमध्ये असल्याने प्रवाह साइन राहतो, फ्लक्स नाही. प्रमाणित मोजणीत फ्लक्स साइन हवा. सहा मिलिटेस्लावर फरक नगण्य, पण हाच जुगाड ०.१ टेस्लाच्या पुढे वापरला तर सेन्सच्या व्होल्टेजमध्ये तिसरा हार्मोनिक शिरतो आणि आकडा फसवतो.

काय नव्हतं

कास्टिंगमध्ये एखादा वेढा शॉर्ट झाला असेल, ही वाइंडिंग विभागाची भीती. ती आकड्याने दूर झाली. ६.२ मिलिटेस्लावर एका वेढ्यात सुमारे १ मिलिव्होल्ट निर्माण होतो, एका वेढ्याचा रोध सुमारे १ मिलिओहम. शॉर्ट असता तर त्यात एक अँपिअर फिरला असता, म्हणजे एक अख्खा अँपिअर-टर्न जास्त. बिघडलेला सीटी एकूण अर्धासुद्धा घेत नाही. शिवाय वारंवारता बदलून, फ्लक्स तोच ठेवून, २५, ५० आणि १०० हर्ट्झवर मोजलं तेव्हा प्रवाह ४५, ४६, ४८ मिलिअँपिअर आला. शॉर्ट वेढा असो की थरांमधलं इन्सुलेशन फुटून वाहणारे एडी करंट असोत, वारंवारता चौपट केल्यावर ते असे गप्प बसत नाहीत.

स्किन इफेक्टचंही नाव निघालं. १,९०० ते ४,६०० पार्यतेला ५० हर्ट्झवर सीआरजीओमधली स्किन डेप्थ पाऊण मिलिमीटर किंवा जास्तच येते, आणि पट्टीची अर्धी जाडी ०.१३५ मिमी. त्यामुळे तो विषय इथे लागू नाही. पार्यता ४०,००० च्या घरात जाते त्या फ्लक्सवर मात्र स्किन डेप्थ पाव मिमीपर्यंत उतरते, म्हणून सगळीकडेच दुर्लक्ष करावं असंही नाही.

कोअर नॉन-ओरिएंटेड पोलादाचा आहे का? सेकंडरीला १५ व्होल्ट दिले (जवळपास १.५ टेस्ला) तेव्हा चांगल्या आणि वाईट सीटीच्या एक्सायटिंग प्रवाहात दहा-पंधरा टक्क्यांचाच फरक होता, आणि नी पॉइंट (जिथून कोअर संपृक्त व्हायला लागतो) एकाच जागी. माल सीआरजीओच. पुरवठादार याच चाचणीवर ‘बघा, कोअर ठणठणीत आहे’ म्हणत होता, आणि त्या फ्लक्सपुरतं त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

मधेच एक गोंधळ तपास करणाऱ्यांनीच घातला. नापास सीटींची वाइंडिंग तपासायला कुणीतरी मायक्रोओहममीटर ५ अँपिअर डीसीवर लावला. ६० वेढे गुणिले ५ म्हणजे ३०० अँपिअर-टर्न, या कोअरला जवळजवळ १,२०० अँपिअर प्रति मीटर. कोअर पूर्ण संपृक्त. मीटर काढल्यावर अखंड टोरॉइडमध्ये मोठा अवशिष्ट फ्लक्स उरतो, कारण त्याला उतरवायला कुठे हवेची फटच नाही. त्यावर बसून एसी डोलायला लागलं की पार्यता आणखी घसरते. त्या सीटींचा पाच टक्क्यांवरचा रेशो −२.८ झाला आणि फेज ९४ मिनिटं. ‘रोज बिघडत चाललेत’ अशी ओरड झाली.

डीमॅग्नेटाइझ केल्यावर ते मूळ −२.२ वर परत आले. रीत अशी : २३०/२४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमागे व्हेरिअॅक लावायचा, सेकंडरीला १८ व्होल्टपर्यंत न्यायचं (१.८ टेस्ला, नीच्या वर, प्रवाह एक-दोन अँपिअर), आणि मग अर्ध्या-पाऊण मिनिटात सावकाश शून्यावर आणायचं. मधेच स्विच बंद केला की सगळं वाया, कारण ज्या क्षणी सप्लाय तुटला तिथला फ्लक्स आत राहतो. तेव्हापासून क्रम ठरला की रोध आधी मोजायचा, मग डीमॅग, मग अचूकता.

गरम करून बघितलं तेव्हा

डीमॅग करूनही ४६ मिलिअँपिअर हटत नव्हते, म्हणजे कारण इतिहासात नसून शरीरात होतं. रेझिनने कोअर आवळला असेल तर तो सैल करून पाहता येईल का, असा विचार झाला, आणि एक बिघडलेला सीटी ओव्हनमध्ये ठेवून, वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढून, तापत असताना मोजत राहिले. प्रत्येक टप्प्यावर दोन तास थांबून, कारण एवढ्या रेझिनच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो.

३० अंशांना ४६ मिलिअँपिअर. ६० ला ४३. ९० ला ३३. ११० ला २४.

शेजारी नुसता, रेझिन नसलेला कोअर ठेवला होता; तो १९ वरून १८ वर आला, एवढंच. सिलिकॉन पोलादाचा क्युरी बिंदू सातशे अंशांच्या वर, त्यामुळे शंभर अंशांची ऊब त्याला किरकोळ. सुधारणा रेझिनच्या सैलावण्यामुळेच होती. ओव्हन बंद करून दार न उघडता रात्रभर थंड होऊ दिलं, तर सकाळी ४१. म्हणजे पहिल्या वेळी माल गरमागरम काढून पंख्यासमोर ठेवला होता, त्या घाईचा वाटा पाच. बाकीचा दोष आवळण्याचाच.

खात्रीसाठी एक सीटी १२० अंशांवर मऊ करून ग्राइंडरने चिरला. छिन्नी-हातोडा मुद्दाम टाळला, कारण ठोक्यांनीही अॅनील केलेल्या कोअरची पार्यता उतरते आणि मग कशाचं काय ते कळत नाही. मोकळा केलेला कोअर २२ मिलिअँपिअरवर आला. उरलेले तीन बहुधा थरांच्या कडांमध्ये शिरलेल्या रेझिनचे. कडेला त्याची चकाकी दिसत होती.

आवळल्याने एवढं का बिघडावं? यांत्रिक ताणाने चुंबकन बदलतं हे एमिलिओ विल्लारी यांनी १८६५ मध्येच दाखवलं होतं. सीआरजीओमध्ये त्याला एक खास टोक आहे. नॉर्मन गॉस यांच्या १९३४ च्या पेटंटपासून पुढे आलेल्या या पोलादात कणांची सोपी चुंबकीय दिशा पट्टी लाटण्याच्या दिशेला लागलेली असते. त्या दिशेने ओढलं तर कप्पे तिथेच राहतात, पार्यता टिकते किंवा सुधारते. त्याच दिशेने दाबलं तर काही कप्पे आडवे वळतात, आणि मग सहा मिलिटेस्लाच्या क्षेत्राला त्यांना हलवणं जड जातं. आता टोरॉइडमध्ये लाटण्याची दिशा म्हणजे परिघ. बाहेरून चहूबाजूंनी रेझिन आवळलं की गाडीच्या चाकावर धाव चढवल्यासारखं होतं, लाकडाचा घेर परिघाच्या दिशेनेच चेपला जातो. म्हणजे कास्टिंगचं आकसणं नेमकं सगळ्यात वाईट दिशेने दाबतं.

ढोबळ हिशेब असा. सिलिका भरलेलं इपॉक्सी अंशामागे दहा लाखात सुमारे ३५ भाग आकसतं, पोलाद १२. रेझिन ११० च्या आसपास घट्ट झालं आणि ३० पर्यंत थंड झालं, तर फरक दहा हजारात अठरा भाग. इपॉक्सीचा यंग गुणांक १० गिगापास्कल धरला तर रेझिनमध्ये १८ मेगापास्कलपर्यंत ताण. बाहेरची रेझिनची भिंत ८ मिमी, कोअरची जाडी २०, म्हणून कोअरवर सात मेगापास्कल दाब, म्हणजे चौरस मिलिमीटरला सातशे ग्रॅम. हा वरचा अंदाज. प्रत्यक्षात कमी असेल. यंत्राच्या भाषेत हे काहीच नाही, पोलादाला ओरखडाही उठत नाही. पण सीआरजीओवरचं काचेसारखं कोटिंग पट्टीला मुद्दाम काही मेगापास्कलचा ओढणारा ताण देऊन ठेवतं, पार्यता सुधारावी म्हणून. ती पुण्याई रेझिनने एका रात्रीत पुसून टाकली.

मग ते तीन

ड्रॉइंगनुसार कोअरला आतून-बाहेरून १.५ मिमी कॉर्क-रबराची पट्टी, वर क्रेप पेपरचे दोन थर आणि पॉलिएस्टर टेप अर्ध्या ओव्हरलॅपने, आणि त्यावर सेकंडरी. कॉर्क दोन कामं करतो. तो दबून रेझिनला आकसायला जागा देतो, आणि टेपबरोबर रेझिनला कोअरपासून दूर ठेवतो.

जुलैच्या लॉटमधल्या कोअरचा बाहेरचा व्यास १०२ ते १०२.५ मिमी निघाला. कुणी व्हर्निअर लावला नव्हता. वजन आणि प्रमाणपत्र बघून माल आत घेतला होता. कॉर्क लावून वाइंडिंग केल्यावर तो डायमध्ये घट्ट बसत होता, आणि कडेला रेझिनची भिंत पातळ होऊन तडे जाण्याची भीती. सुपरवायझरने सुचवलं, ‘तेवढी कॉर्कची पट्टी काढली की बसतंय.’ कॉर्क गेला, त्या जागी सुती टेप आली. सुती टेप व्हॅक्यूममध्ये रेझिन गाळून आत घेते, म्हणजे गादीही गेली आणि पडदाही. जुन्या लॉटचे तीन कोअर रॅकवर शिल्लक होते, बरोबर १०० मिमीचे, त्यांना नेहमीसारखा कॉर्क लागला. तेच तीन पास.

सुपरवायझरला दोष देऊन भागत नाही. ड्रॉइंगवर कॉर्कच्या पुढे ‘कुशन’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि जे फक्त गादी म्हणून लिहिलं जातं ते जागा कमी पडली की सगळ्यात आधी निघतं.

पुढची तजवीज

कोअरच्या ऑर्डरमध्ये आता बाहेरचा व्यास १०० मिमी, वर शून्य, खाली १ मिमी असं लिहिलं जातं, आणि तीन ठिकाणी मोजून माल आत येतो. १.७ टेस्लाच्या आकड्यासोबत ६ मिलिटेस्ला, ५० हर्ट्झवर सापेक्ष पार्यता किमान ४,००० ही अटही घातली. ती तपासायला उघडझाप होणाऱ्या कनेक्टरची एक वायर हार्नेस बनवली, १० वेढे ड्राइव्हचे आणि २० सेन्सचे. कोअर मध्ये ठेवून कनेक्टर जोडला की वेढे पूर्ण होतात, सेन्सवर २१ मिलिव्होल्ट आणायचे, प्रवाह २२ मिलिअँपिअरच्या खाली हवा. एका कोअरला दोन मिनिटंही लागत नाहीत. कोअर टेबलावर आपटायचा नाही, लोखंडी पट्टीने कसायचा नाही, हे वेगळं सांगावं लागलं.

कॉर्क परत आला, पण पावसाळ्यात त्याच्यात ओल धरते आणि व्हॅक्यूममध्ये ती फेस होऊन रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. म्हणून वाइंडिंग झालेला कोअर ९० अंशांना सहा तास सुकवून, गरम असतानाच डायमध्ये. क्युअरिंगनंतर ओव्हन तासाला दहा अंशांच्या वेगाने उतरवायचा, पंखा बंद.

एकवीस सीटींचं काय करायचं यावर दोन प्रस्ताव होते. सेकंडरीचा एक वेढा काढून रेशो वर ढकलणं हा पहिला, आणि तो लगेच बाद झाला : साठातला एक म्हणजे १.७ टक्के, पाच टक्क्यांवर बरं दिसेल पण पूर्ण प्रवाहावर +१.२ होऊन वर्ग ०.५ तिथे फुटेल. (दोन समांतर तारांपैकी एकीचाच एक वेढा कमी करून अर्ध्या वेढ्याची भरपाई करतात, पण ती वाइंडिंग करतानाच.) दुसरा प्रस्ताव बर्डन २.५ व्हीए करण्याचा. त्यात कोअरला पूर्वीच्या ६३ टक्केच व्होल्टेज द्यावं लागतं, पॉवर फॅक्टर १ धरला जातो, आणि हिशेबाने पाच टक्क्यांवर रेशो −०.६, फेज ६९ मिनिटं येतो. वीस टक्क्यांवर फेज ३९, म्हणजे ४५ च्या हद्दीच्या आत. कागदावर वर्ग ०.५ बसतो. इलेक्ट्रॉनिक मीटर स्वतः फार थोडं खातो हेही खरं. पण मीटरपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर २.५ चौरस मिमी वायर पडली तर तिचेच १.७ व्हीए होतात. गिऱ्हाइकाच्या मागणीत ५ व्हीए लिहिलेलं होतं, त्याने नकार दिला, आणि तो बरोबर होता. शेवटी चिरलेला एक वगळून वीस सीटींवर ५ व्हीए, वर्ग १ ची प्लेट लागली (पाच टक्क्यांवर ३, वीसवर १.५ टक्के ही मर्यादा ते पाळतात) आणि ते अँमीटरच्या फीडरसाठी बाजूला ठेवले.

मागणीचे उरलेले एकवीस नव्या कोअरवर पुन्हा केले. कास्टिंगआधी सगळे १९ च्या आसपास, कास्टिंगनंतर एकोणीस सीटी २० ते २२ मिलिअँपिअर, पाच टक्क्यांवर रेशो −१.० ते −१.१५. दोन मात्र २७ वर गेले. रेशो −१.४ च्या जवळ, म्हणजे पास, पण काठावर. ते दोन्ही ओव्हनमध्ये १०० अंशांवर पुन्हा मोजले तर २० वर आले, म्हणजे कुठेतरी रेझिन कोअरला भिडलंच आहे. कॉर्कचा सांधा डायमध्ये वरच्या बाजूला, रेझिन ओतण्याच्या तोंडाखाली आला होता. आता सांधा खाली ठेवून वर पॉलिएस्टर टेपचा एक जादा थर देतात. पुढच्या लॉटची मोजणी झाल्यावर कळेल एवढ्याने भागतं का.